ब्रेक दाबला की टेल लाइट मंदावते

गाडीचं वायरिंग : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याआधी बॅटरी आणि वायपर कसे तपासावेत, हे मागे या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जुन्या जीप, जिप्सी आणि आर्माडावाल्यांची आहेत आणि जवळजवळ सगळी मागच्या दिव्यांबद्दल आहेत. मला याचं मनापासून बरं वाटलं. हेडलाइटबद्दल सगळेच विचारतात, कारण तो चालवणाऱ्याच्या उपयोगाचा. मागचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. तो बंद पडला तरी गाडी तशीच चालते आणि घाटात मागून येणाऱ्याला मात्र आपण आहोत हेच कळत नाही. तेव्हा या वेळी सगळी जागा मागच्या दिव्यांना.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की आमचं दुकान कलिन्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत आहे. बाबांनी सुरू केलं, १९९७ पासून मी बघते. फोर-बाय-फोरचं वायरिंग हेच आमचं मुख्य काम.

प्रश्न : ताई, माझी १९९८ची जिप्सी किंग आहे. रात्री पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला की डावीकडची टेल लाइट उजळायच्या ऐवजी मंदावते आणि त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो. उजवीकडे सगळं ठीक. तीन वेळा बल्ब बदलले. आता वायरमन म्हणतो, मागचं वायरिंग सगळं नवीन टाकू, नाहीतर पूर्ण एलईडी लॅम्प बसवू. काय करावं? (दहिसर)

उत्तर : दोन्ही नको. आधी हातभर वायर घ्या.

तुमच्या डाव्या लॅम्पचं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता, गेलं आहे. हे मी गाडी न बघता लिहिते आहे, कारण तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी. टेल आणि ब्रेकचा बल्ब एकच असतो. आत दोन फिलामेंट, टेलची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. दुकानात त्याला डबल काँटॅक्ट म्हणतात, खोक्यावर पी२१/५डब्ल्यू असं छापलेलं असतं. दोन्ही फिलामेंटना करंट वेगळ्या वायरने येतो, पण परत जायचा रस्ता एकच. बल्बची पितळी टोपी, तिथून होल्डर, होल्डरवरून लॅम्पचा पत्रा, पत्र्यावरून गाडीची बॉडी आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला. शेजारच्या इंडिकेटरचा बल्बही त्याच रस्त्याने परत जातो.

तो रस्ता अडला की करंट दुसरीकडून वाट काढतो. नुसती पार्किंग लाइट लावली असेल, तेव्हा तो टेलच्या फिलामेंटमधून ब्रेकच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने उजवीकडच्या ब्रेक बल्बला जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगने बॉडीत उतरतो. दिवा किंचित मंद, पण लागलेला दिसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. तुम्ही ब्रेक दाबलात की त्या ब्रेकच्या वायरमध्येच बारा व्होल्ट येतात आणि ती वाट बंद होते. मग उरते इंडिकेटरच्या बल्बमधून पुढच्या इंडिकेटरकडे जाणारी वाट. म्हणजे ब्रेक, मागचा इंडिकेटर आणि पुढचा इंडिकेटर, असे २१ वॅटचे तीन बल्ब दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक. बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला चारच्या आसपास येतात. टेल मंदावते, इंडिकेटर मिणमिणतो. तीन काय, तीस बल्ब बदलले तरी हेच होणार, आणि याच होल्डरवर एलईडी बल्ब लावले तर तेही असेच वेड्यासारखे वागतील.

आता ती वायर. तिचं एक टोक लॅम्पच्या आतल्या पत्र्याला, होल्डरच्या अगदी जवळ धरा. दुसरं चासीच्या एखाद्या बोल्टला, रंग खरवडून. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा झगझगीत लागला तर निदान झालं, पैसे वाचले.

नंतर लेन्सचे स्क्रू काढा. गंजलेले असतील, तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि पान्याच्या जोरावर जाऊ नका, लेन्स तडकते. बल्ब उतरवून टॉर्चच्या उजेडात होल्डरमध्ये बघा. तांब्याचं भांडं महिनाभर घासलं नाही तर कसं कळकतं, तसा हिरवा कळंक तिथे दिसेल. बाजूच्या खाचेत, जिथे बल्बची पिन अडकते, तिथे तो सगळ्यात जाड असतो आणि नेमका तोच अर्थिंगचा रस्ता असतो. झिरो नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आत फिरवा, पितळ पिवळं दिसेपर्यंत. तळाच्या दोन काँटॅक्टखालची स्प्रिंग बोटाने दाबून बघा. दाबल्यावर वर आली नाही तर होल्डर बदलायचाच.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात, म्हणून महिन्याभराने गाडी परत येते. होल्डर लॅम्पच्या पत्र्याला रिव्हेटने किंवा चेपून बसवलेला असतो. त्या सांध्यात आतून गंज चढतो. वरून काही दिसत नाही, हाताला पक्का लागतो, पण करंटला तो सांधा बंद असतो. बाबांनी शिकवलेला उपाय आम्ही आजही करतो. होल्डरच्या पितळी अंगालाच वायरचा तुकडा झाळून बाहेर काढायचा, एक किंवा दीड स्क्वेअर एमएमचा, आणि त्याच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, लावून तो थेट चासीला द्यायचा. चासीवर नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत खरवडायची, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस थापायचं. ग्रीस आवळल्यानंतर. मिळाली तर कल्हई केलेल्या तांब्याची वायर वापरा. बोटींवर तीच वापरतात, कारण खारी हवा साध्या तांब्याच्या तारा वरच्या प्लास्टिकच्या स्लीव्हच्या आतून काळ्या करत जाते. मुंबईत समुद्र कुणापासून लांब आहे?

उजव्या लॅम्पलाही आत्ताच अशी वायर द्या. दोघांचं वय सारखंच आहे.

तुमच्या वायरमननी मीटर लावून बघितलं असेल आणि बारा व्होल्ट बरोबर दाखवले असतील. त्यांची चूक नाही. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून मिळत नाहीत. म्हणून बाबांचा टेस्ट लॅम्प मी अजून टेबलावर ठेवते. एक जुना होल्डर, त्यात २१ वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी, एकीला क्लिप आणि एकीला टोकदार सळई. तो झगझगीत लागला तरच सप्लाय खरा. मीटरच वापरायचा असेल तर दिवे चालू ठेवून एक टोक होल्डरच्या पितळाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर परतीच्या रस्त्यात अडथळा आहे.

प्रश्न : माझ्याकडे महिंद्राची १९८९ची एमएम ५४० जीप आहे. दोन्ही टेल लॅम्पचा पत्रा कुजला आहे, लेन्स गुलाबी पडल्या आहेत. कंपनीचे लॅम्प मिळत नाहीत. कुर्ल्याच्या बाजारात ढीग आहेत, पण कोणता घ्यावा कळत नाही. (वर्सोवा)

उत्तर : तुमच्या गाडीचं वय आणि वर्सोव्याची हवा बघता पत्रा टिकला हेच पुष्कळ. गुलाबी लेन्स पॉलिश करत बसू नका. वरचा धुरकटपणा हजार आणि दोन हजार नंबरच्या पाणपेपरने निघतो, पण लाल रंगच उडाला असेल तर आतला प्रकाश फिकट पडून बाहेर येतो आणि संध्याकाळच्या उन्हात ब्रेक लागलाय की नाही ते मागच्याला कळत नाही. लेन्स टाकून द्या.

बाजारात जाताना जुना लॅम्प उतरवून सोबत न्या. मोबाइलमधला फोटो नको. मागच्या दोन स्टडमधलं, म्हणजे लॅम्प ज्यांवर बसतो त्या बोल्टमधलं, अंतर हाच खरा प्रश्न असतो आणि ते फोटोत कळत नाही. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. होल्डरच्या आतल्या काँटॅक्टला लावून बघा. चिकटलं तर ते लोखंडावर मुलामा दिलेलं आहे, दोन पावसाळ्यांत गंजेल. पितळेला चुंबक चिकटत नाही. दुकानदार पहिल्यांदा चुंबक बघून जरा चमकतात, नंतर स्वतःच आतला चांगला माल काढून देतात. हा अनुभव मला कितीतरी वेळा आला आहे.

लेन्स उन्हात धरा. कडेला बारीक उठावाची अक्षरं शोधा. वर्तुळात ई आणि एक आकडा असेल, शिवाय आर म्हणजे टेल, एस१ म्हणजे ब्रेक, २ए म्हणजे मागचा इंडिकेटर, आयए म्हणजे रिफ्लेक्टर. ही अक्षरं असलेल्या लेन्सचा नमुना कुठेतरी चाचणीतून गेलेला असतो. काहीच अक्षरं नसलेली लेन्स दिसायला तशीच असते, पण तिच्या आतल्या बाजूच्या रेषा आणि चौकटी नीट पडलेल्या नसतात आणि प्रकाश पसरायचं काम त्याच करतात. रिफ्लेक्टर खरा आहे का तेही बघा. टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून चार पावलांवरून मारा, ठिणगीसारखा चमकला पाहिजे. खोट्या रिफ्लेक्टरवर नुसते चौकोन छापलेले असतात.

मागे रबराचं किंवा फोमचं गॅस्केट आहे ना, आणि लॅम्पमधून अर्थिंगची वेगळी वायर बाहेर आली आहे का, तेवढं बघून घ्या. वायर नसेल तर वर दहिसरच्या वाचकांना सांगितलं तशी झाळून घ्या. जुन्या जीपचा लॅम्प स्टडवरूनच बॉडीला अर्थ होतो आणि तुम्ही नवा रंग मारून घेतला असेल, तर तो रंगच अर्थिंग अडवतो. रंगकाम करून आलेल्या जीपचे मागचे दिवे बंद, ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते.

लेन्स थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका. अ‍ॅक्रिलिकला जाळीसारखे बारीक तडे जातात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. साबणाचं पाणी पुरे.

प्रश्न : मी माझ्या जुन्या बोलेरो फोर-बाय-फोरला मागे सगळीकडे एलईडी बल्ब लावले. आता इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतात. मित्र म्हणतो, रेझिस्टर लाव. शिवाय लेन्सवर काळी स्मोक फिल्म लावायचा विचार आहे. (बोरिवली)

उत्तर : फिल्मचं आधी सांगते. लावू नका, लावली असेल तर आज काढा. पावसात, धुक्यात, कसाऱ्याला रात्री अकरा वाजता तुमच्या मागे असलेल्या माणसाला तुमची गाडी उशिरा दिसेल. यात दुसरी बाजू नाही.

आता इंडिकेटर. इंडिकेटर लुकलुकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर. बल्ब किती करंट घेतात यावर तो चालतो. एका बाजूला पुढे-मागे २१ वॅटचे दोन आणि फेंडरवर पाच वॅटचा एक, असे मिळून ४७ वॅट असतील हे धरून तो बनवलेला आहे. मागचा बल्ब एलईडी झाला की तो दोन-तीन वॅटच घेतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला आणि तुम्हाला कळावं म्हणून तो घाई करतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागायला हवा, त्यापेक्षा जास्त झाला तर मागच्याला तो इंडिकेटर आहे की खराब काँटॅक्ट हे समजत नाही.

रेझिस्टर तेवढा जास्तीचा करंट घेतो, त्यामुळे काम होतं, पण मला तो आवडत नाही. सहा ओहमचा रेझिस्टर गाडी चालू असताना तीस वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. पत्र्याला स्क्रूने आवळला असेल तर ठीक, मी मात्र तो टेपने वायरिंगच्या जुडग्याला बांधलेला बघितला आहे. स्लीव्ह वितळून आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या आणि शेजारून पेट्रोलची नळी गेली होती. त्यापेक्षा एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. जुन्याच्या जागी बसतो, फक्त पिनांची जागा जुळते का बघा आणि त्याची अर्थची वायर लावायला विसरू नका.

बल्बचं म्हणाल, तर लाल लेन्समागे लाल एलईडी आणि पिवळ्यामागे पिवळा. पांढरा एलईडी लाल लेन्समागे लावला की त्याच्यातला बराचसा प्रकाश लेन्सच खाऊन टाकते आणि उरलेला गुलाबीसर दिसतो. बसवल्यावर दुपारी उन्हात गाडीपासून पंचवीस-तीस पावलं मागे जा. टेल चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला आणि सोडायला सांगा. फरक चटकन कळला पाहिजे. कित्येक स्वस्त बल्बांत टेल आणि ब्रेक जवळजवळ सारखेच लागतात, मग ब्रेक असून नसल्यासारखा. थोडं बाजूलाही सरकून बघा. लॅम्पचा आतला आरसा फिलामेंटच्या जागेप्रमाणे वळवलेला असतो आणि एलईडीचे ठिपके त्या जागी नसतील तर सरळ मागून झगझगीत, पण बाजूने अंधार असं होतं. माझ्या स्वतःच्या जीपला मागे अजून साधे फिलामेंटचेच बल्ब आहेत. दर दोन वर्षांनी चारही एकदम बदलते, जुने चांगले निघाले तरी. बल्बच्या काचेला आतून काळसर झाक आली की त्याचे दिवस भरत आले समजा.

प्रश्न : माझ्या सियेराला पंधरा वर्षं कधीच झाली, आता परत पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची आहे. वडाळ्याच्या आरटीओत गाडी दाखवायची आहे. मागच्या दिव्यांत काय काय बघतात? (मुलुंड)

उत्तर : दोन टेल, दोन ब्रेक, दोन इंडिकेटर, रिव्हर्स, रिफ्लेक्टर आणि नंबरच्या पाटीवरचा दिवा. लोक नापास होतात ते पाटीच्या दिव्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत आणि पाटीवर पांढरा प्रकाश इतका पडला पाहिजे की नंबर १५ मीटरवरून वाचता येईल. तो पाच वॅटचा बल्ब चिखलाच्या तोंडावर असतो आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाटी बसवताना पाटी थोडी खाली-वर झाली असेल तर दिवा जागेवर आणि प्रकाश भलतीकडे, असंही होतं. रात्री एकदा मागे पंधरा-वीस पावलं जाऊन स्वतः नंबर वाचा.

एकट्याने तपासायचे तर रात्री दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून गाडी लावा आणि आरशात बघत एकेक दिवा लावा. एक टेल, एक ब्रेक कमी असेल तर शटरवरचा लाल उजेड एका बाजूला झुकलेला दिसतो.

दिवे लागले म्हणजे झालं असं समजू नका, आणि हे मी स्वतः चुकून शिकले आहे. २००९ साली एका गिऱ्हाईकाची जीप मी सगळे दिवे तपासून दिली. उभ्या गाडीवर सगळं उत्तम. त्याच रात्री खंडाळ्याच्या घाटात, पावसात, मागचे सगळे दिवे एकदम गेले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून सांगितलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गाडी उचलून बघितली. चासीच्या भोकातून वायरिंग आत जातं तिथलं रबरी ग्रोमेट झिजून पडलं होतं आणि पत्र्याच्या धारेवर घासून टेलच्या वायरची स्लीव्ह कापली गेली होती. खड्ड्यात आदळलं की वायर बॉडीला लागायची, शेवटी फ्यूज उडाला. त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, तरी मला आठवडाभर झोप लागली नव्हती. तेव्हापासून दिवे चालू ठेवून मागचं वायरिंग हाताने हलवल्याशिवाय आणि दोघांनी बंपरवर उभं राहून गाडी हलवल्याशिवाय मी एकही गाडी देत नाही. तुमच्या सियेराचे ग्रोमेट बघा, साइड मेंबरच्या, म्हणजे चासीच्या बाजूच्या लांब पट्ट्यांच्या, आत हात घालून बघा. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर ती काढून आधी योग्य फ्यूज घाला. अशा गाडीत शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

प्रश्न : पावसात लॅम्पच्या आत पाणी साठतं. खालून भोक पाडू की सिलिकॉनने सगळीकडून बंद करू? (मढ)

उत्तर : भोक बहुधा आहेच. लॅम्पच्या बुडाला बारीक छिद्र असतं, ते चिखलाने किंवा आधीच्या कुणाच्या सिलिकॉनने बुजलेलं असेल, काडीने मोकळं करा. पाणी वरच्या बाजूने, सुकलेल्या गॅस्केटमधून शिरतं, म्हणून गॅस्केट बदला. सगळीकडून बंद केलंत तर आतली वाफ बाहेर जाणार नाही आणि होल्डर जास्तच कुजेल. वरच्या कडेला सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्या आंबटपणाने तांबं-पितळ कळकतं. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. गाडी खाऱ्या पाण्यातून किंवा वाळूतून आली की मागचे लॅम्प साध्या पाण्याने धुवा.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या दुकानात कमरेइतकं पाणी होतं. त्यानंतर दिवाळीपर्यंत रोज बुडालेल्या गाड्या येत होत्या. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात लेन्स काढून लॅम्प धुऊन वाळवले, त्यांचे होल्डर वाचले. ज्यांनी दिवे लागतायत म्हणून तसेच ठेवले, त्यांचे होल्डर डिसेंबरात हाताने चुरले जात होते. पाणी साठलेल्या रस्त्यातून गेलात तर त्याच रविवारी लेन्स उघडा.

प्रश्न : माझ्या वडिलांची जुनी महिंद्रा जीप मी चालवते. ब्रेक जोरात दाबला तरच मागचा दिवा लागतो, हलका दाबला तर लागत नाही. बल्ब, वायरिंग, अर्थिंग सगळं तपासून झालं. (चेंबूर)

उत्तर : ताई, तुम्ही योग्य क्रमाने गेलात, आता ब्रेकच्या स्विचकडे या. जुन्या जीपना पेडलवर स्विच नसतो. मास्टर सिलिंडरजवळ, ब्रेक ऑइलच्या लाइनमध्येच बोल्टसारखा एक स्विच बसवलेला असतो, दोन वायरी लावलेला. ऑइलचा दाब वाढला की आतला पडदा ढकलला जाऊन काँटॅक्ट जुळतो. वय झालं की त्याला जास्त दाब लागतो. म्हणजे सिग्नलला हळूहळू थांबताना तुमच्या मागच्याला काहीच कळत नाही.

आधी स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. दिवा झगझगीत लागला तर दोष स्विचचाच. त्या वायरींची टोकं ओली, तेलकट आहेत का बघा. असतील तर पडद्यातून ब्रेक ऑइल झिरपतंय आणि मग तो दिव्याचा नाही, ब्रेकचा प्रश्न आहे. तो स्विच बदलेपर्यंत जीप बाहेर काढू नका.

नवा स्विच बसवताना लाइन उघडते आणि हवा शिरते, तेव्हा ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. जुना झिरपत नसेल तर मी दुसरा मार्ग सुचवते. जुना स्विच जागेवर बुचासारखा राहू द्या, त्याच्या वायरी काढा आणि पेडलला पट्टी लावून साधा दांडीचा स्विच बसवा, नंतरच्या काळातल्या गाड्यांना असतो तसा. पेडल अर्धा इंच हललं की दिवा लागेल इतका जुळवा, पण पाय काढल्यावर पेडल पूर्ण वर येतंय आणि दिवा विझतोय हे दहा-बारा वेळा दाबून बघा. नाहीतर दिवा कायम लागून राहील आणि तुम्ही ब्रेक दाबलात तरी मागच्याला काही बदलल्यासारखं वाटणार नाही.

जीप कोणत्या सालची आहे ते पत्रात लिहिलेलं नाही. बॅटरी सहा व्होल्टची आहे की बारा, ते तिच्यावर वाचून कळवा. सहा असेल तर बल्ब वेगळे लागतील, आणि माझ्याकडे बाबांच्या वेळचे काही शिल्लक आहेत.